हरिहरच्या पायऱ्या आणि आमचे कॅमेरे

इ. स. १८१८ सालीं त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हातीं पडला, आणि त्याच्या मागोमाग आपल्या नाशिक प्रांतांतले पुष्कळसे डोंगरी किल्ले त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांत हरिहर उर्फ हर्षगड हाही एक होता. त्या वर्षीं कॅप्टन ब्रिग्ज नांवाचा एक अधिकारी तो गड पाहावयास गेला होता. कातळ तासून काढलेला तेथील जिना पाहून त्यानें जें लिहून ठेविलें आहे, त्याचा भावार्थ असा कीं, ही चढण किती उभी आहे याची कल्पना शब्दांनीं देतांच येणार नाहीं. अदमासें २०० फूट ती सरळ वर जाते, आणि एवढ्या उंचीवर लावलेल्या शिडीचीच उपमा काय ती तिला शोभेल. ब्रिग्जसाहेबापाशीं कॅमेरा नव्हता. त्या काळीं तो कोणापाशींच नव्हता. छायाचित्र काढण्याची दागेरची रीत पॅरिस शहरीं जाहीर झाली ती १८३९ सालीं, म्हणजे या गोष्टीनंतर २१ वर्षांनीं.

आज आपल्या शाळेंतील बहुतेक मुलांच्या घरीं कॅमेरा आहे, कारण मोबाईल आहे. गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर आम्ही कांहीं शिक्षक व विद्यार्थी हरिहरला गेलों होतों. परत आल्यावर वार्षिकासाठीं एखादें चित्र निवडावें म्हणून सर्वांचीं छायाचित्रें एकत्र केलीं, तों तीं ३०० च्या वर भरलीं. मोठ्या हौसेनें आम्हीं तीं पालकांस दाखविलीं. त्यांपैकीं एक गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि मग सहज म्हणाले, "गुरुजी, हरिहरचा एवढा बोभाटा ऐकतों, पण आमच्या जुन्या वाड्याचा जिना याहून उभा आहे!" सगळी मंडळी हंसली. आम्हीही हंसलों, परंतु तें बोलणें मनांत सलत राहिलें, कारण गृहस्थांचें कांहीं चुकलें नव्हतें. चित्रांत जें दिसत होतें तेंच ते सांगत होते. ज्या जिन्यावर आमच्यांतल्या दोघां धट्ट्याकट्ट्या मुलांचे पाय लटपटले, तो जिना आमच्या चित्रांत अंगणांतल्या फरशीसारखा पसरला होता. जें शब्दांना साधणार नाहीं म्हणून ब्रिग्जसाहेबानें हात टेकले, तें आमच्या तीनशें चित्रांनाही साधलें नव्हतें. असें कां व्हावें, आणि दूरच्या डोंगराळ मुलखांत फिरतांना घेतलेलें चित्र खरें कसें उतरावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपणांस डोळे दोन आहेत, व त्या दोहोंमध्यें दोन-अडीच इंचांचें अंतर आहे. त्यामुळें प्रत्येक डोळ्यास वस्तु किंचित् निराळी दिसते, आणि त्या फरकावरून जवळचें कोणतें व दूरचें कोणतें हें मन ठरवितें. शिवाय उभ्या चढणीपुढें आपण उभे राहिलों कीं मान मागें टाकावी लागते, पोटऱ्या ताणतात, पोटांत गोळा येतो. उंचीचें ज्ञान हें एकट्या डोळ्यांचें नव्हे, सगळ्या देहाचें असतें. कॅमेऱ्यास डोळा एकच, आणि मान तर मुळींच नाहीं. त्यांतून आम्हीं बहुतेकांनीं जिन्याच्या अगदीं समोर उभें राहून, कॅमेरा वर करून चित्रें घेतलीं होतीं. असें केलें म्हणजे पायऱ्यांच्या कडा एकावर एक रचलेल्या आडव्या रेघा होऊन बसतात. आकाश, दरी, क्षितिज यांपैकीं कांहींच चौकटींत न आल्यामुळें पाहणारास उतार मोजावयास आधार उरत नाहीं. भिंतीस टेकविलेली शिडी किती उभी आहे हें शिडीच्या समोरून कळत नाहीं, बाजूनें कळतें. ही गोष्ट घरांत आपणांस ठाऊक असते. डोंगरावर गेलों कीं आपण ती विसरतों.

त्या तीनशेंत एक चित्र मात्र वेगळें निघालें. इयत्ता नववींतली एक मुलगी दमून मागें राहिली होती. जिन्याच्या अलीकडे वाट सोडून एका बाजूस सपाटीवर ती बसली, आणि बसल्या बसल्या तिनें एकच चित्र घेतलें. तेथून जिना बाजूनें दिसत होता. एका अंगास मोकळें आकाश, दुसऱ्या अंगास काळा कातळ, दोहोंच्या सीमेवरून चढत गेलेली दांतेरी रेघ, आणि त्या रेघेच्या मध्यावर तांबडा सदरा घातलेला एक मनुष्य, पायरीच्या दोन्ही कडांस कोरलेल्या खोबण्यांत बोटें अडकवून कातळास चिकटलेला. तेंच चित्र आम्हीं त्या गृहस्थांस दाखविलें, तेव्हां ते पुन्हा विनोद करतील असें वाटलें होतें. "आमचा मुलगा येथून चढला?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

त्या तांबड्या सदऱ्याचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. डोंगराच्या चित्रांत माप नसेल तर २० फुटांची दरड आणि २०० फुटांचा कडा यांत पाहणारास फरक कळत नाहीं, कारण दगड हा लहान असो कीं मोठा, त्याचें रूप सारखेंच. मनुष्य, गाय, झोंपडी, ताडाचें झाड, अशी ज्याची उंची सर्वांस ठाऊक आहे अशी एखादी वस्तु चौकटींत असावी. आणि ती पुढ्यांत नव्हे, डोंगराच्या अंगाशीं असावी. आपले मित्र पुढें उभे करून त्यांच्या खांद्यांमागें डोंगर दाखविण्याची जी चाल आहे, तिच्यानें उलटेंच होतें. मित्र डोंगराएवढे होतात आणि डोंगर मित्राच्या कानाएवढा.

आणखी एक. ज्या डोंगरावर आपण उभे असतों तो डोंगर आपणांस दिसत नाहीं. बागलाणांतला साल्हेर हा महाराष्ट्रांतील सर्वांत उंच किल्ला. त्याची उंची १,५६७ मीटर आहे, आणि २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत त्याचें नांव आहे. त्याच्या माथ्यावरून मांगीतुंगीचे सुळके पाहून घ्यावे. परंतु साल्हेरचें चित्र पाहिजे असेल तर शेजारच्या सालोट्यावर चढण्याची तयारी हवी. एका चित्रासाठीं दुसरा किल्ला चढणें हें पुष्कळांस वेडेपणाचें वाटेल. आम्हांसही पहिल्या खेपेस तसेंच वाटलें होतें.

आतां उजेडाविषयीं. आपला सह्याद्रि लाव्हारसाचे थरांवर थर साचून झालेला आहे, सुमारें ६.५ कोटी वर्षांपूर्वींचे ते थर कड्यावर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. परंतु केव्हां? सकाळीं किंवा सायंकाळीं, ऊन तिरपें येऊन प्रत्येक थराची सांवली खालच्या थरावर पडते तेव्हां. भर दुपारीं सांवल्या आटतात आणि तोच कडा धुळीनें माखलेल्या भिंतीसारखा सपाट दिसूं लागतो. त्र्यंबक गांव ब्रह्मगिरीच्या पूर्वेस आहे; म्हणून गांवावर उभा असलेला कडा सकाळच्या उन्हांत उजळतो, आणि दिवस कलल्यावर सूर्य त्याच्या पाठीमागें जाऊन त्याचा नुसता काळा पडदा होतो. आपल्या सहली दर्शन, जेवण, बाजार हें सर्व आटोपून तिसऱ्या प्रहरीं डोंगराकडे वळतात, आणि मग मुलें तक्रार करितात कीं कॅमेरा वाईट आहे. कॅमेरा वाईट नसतो, वेळ वाईट असते. निघण्यापूर्वीं नकाशा उघडून कडा कोणत्या दिशेस तोंड करून आहे एवढें जरी पाहिलें, तरी निम्मा अभ्यास झाला.

ऋतूचेंही तसेंच. चैत्र-वैशाखांत हवेंत धूळ व धूर इतका असतो कीं दूरच्या रांगा फिकट होत होत नाहींशा होतात. आश्विन-कार्तिकांत हवा धुतल्यासारखी असते व चांदवडची रांग दूरवरून ओळखूं येते. पावसाळ्यांत ढगांची उघडझांप चालते. तेव्हां कॅमेरा हातांत धरून बसून राहण्याची चिकाटी पाहिजे. अशा वेळीं भिंगावर थेंब पडतात. ते सदऱ्याच्या टोंकानें पुसूं नयेत, कारण सदऱ्यास घाम व तेल लागलेलें असतें आणि पुसलेल्या भिंगांतून सगळा मुलूख धुक्यांत बुडाल्यासारखा येतो. जुन्या धुवट सुती कापडाचा तुकडा खिशांत वेगळ्या पुडींत ठेवावा.

दूरचे डोंगर मोबाईलच्या चित्रांत खेळण्यांतल्या डोंगरांएवढे कां होतात, हें मुलें आम्हांस नेहमीं विचारितात. मोबाईलचें नेहमींचें भिंग पसरट दृष्टीचें असतें. तें बाजूचा पुष्कळ मुलूख एका चौकटींत कोंबतें, आणि त्यामुळें प्रत्येक वस्तूच्या वांट्यास थोडीच जागा येते. आपली नजर मात्र ज्या सुळक्यावर जाते तेवढाच धरून बाकीचें सोडून देते. ज्या मोबाईलला दूरचें पाहण्याचें निराळें भिंग असेल त्याचा उपयोग करावा. पडद्यावर दोन बोटें ताणून चित्र मोठें करण्यानें बहुधा कांहीं साधत नाहीं, कारण भिंगाची मर्यादा संपली कीं तें मोठें करणें म्हणजे कापून फुगविणें होय. आणि हरिहरच्या माथ्यावरून वैतरणेच्या धरणाचें पाणी दिसतें तेथें एक सोपी परीक्षा आहे: चित्रांत पाणी एका बाजूस कललेलें दिसलें तर कॅमेरा वांकडा धरला होता असें खुशाल समजावें. पाणी कधीं तिरपें उभें राहत नाहीं.

एका चित्रासाठीं हा केवढा खटाटोप, असें कोणी म्हणेल. त्यानें पूर्वीच्या लोकांचा खटाटोप ऐकावा. १८६० च्या सुमारास चित्र कांचेवर घेत असत. कांचेवर कलोडिअन नांवाचें चिकट द्रव्य ओतून ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं, म्हणजे फार तर १०-१५ मिनिटांत, अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर कांचा, औषधें, पाणी आणि तंबूही डोंगरावर न्यावा लागे. सॅम्युएल बोर्न नांवाचा इंग्रज छायाचित्रकार अशाच सामानानिशीं हमालांचा तांडा घेऊन हिमालयांत हिंडला, आणि १८६६ सालीं १८,६०० फूट उंचीच्या मनिरंग खिंडींतून त्यानें चित्रें घेतलीं. थंडीनें बोटें आंखडलेलीं असतां ओल्या कांचा हाताळणें काय असेल याची कल्पना करावी. आमच्या लहानपणीं एका रिळांत ३६ चित्रें निघत, आणि तेवढ्यांत सगळी सहल बसवावी लागे. तेंही आम्हांस कृपणतेचें वाटे. आतां तीनशें चित्रें फुकट निघतात, आणि बहुधा म्हणूनच त्यांतलें एकच खरें असतें.

परंतु या विषयांतला आमचा खरा गुरु हिमालयांत शोधावयास नको. तो त्र्यंबकचाच. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ते नाशकांतच वारले. हिंदुस्थानांतील पहिला कथाचित्रपट "राजा हरिश्चंद्र" १९१३ सालीं त्यांनीं लोकांपुढें आणला हें सर्वांस ठाऊक आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याचें त्यांचें स्मारक मुलांनीं पाहिलेलें आहे. परंतु त्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनांत ते ती कला शिकले, गोध्र्यास त्यांनीं त्याचा धंदा केला, आणि पुढें कांहीं काळ पुराणवस्तु खात्यांत नोकरीही केली. चित्रपटासाठीं भांडवल मिळविण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं १९१२ सालीं एक लहानसें काम करून दाखविलें. कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यापुढें एका जागीं पक्का बसविला, आणि दिवसामागून दिवस, तो न हलवितां, थोडथोडें चित्रण केलें. तें सर्व एकत्र चालवून दाखविल्यावर दाणा फुटून वेल वर चढतांना लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला. मूळ युक्ति एवढीच कीं, कॅमेरा हलला नाहीं. जें बदललें तें रोपच बदललें.

ही युक्ति डोंगरासही लागू आहे, आणि आपल्या भागांत तिची गरज वाटाण्याच्या रोपापेक्षां फार अधिक आहे. डोंगर अढळ असतो अशी आपली समजूत. परंतु नाशिकभोंवतालच्या कित्येक टेकड्यांचे पायथे दगड-मुरमासाठीं पोखरले गेले आहेत. २०२१ सालीं खुद्द ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं चाललेल्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनीं आवाज उठविला, कारण गोदावरीचा उगम तेथें आहे. अशा वेळीं पहिला प्रश्न येतो तो हा कीं, पूर्वीं येथें काय होतें? तोंडी साक्ष देणारे पुष्कळ निघतात. दाखविणारे निघत नाहींत.

येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. त्या सुमारास आम्हांस आठवलें कीं, तरुणपणीं त्र्यंबकच्या बाजूस भटकतांना आम्हीं घेतलेलें एका उताराचें छायाचित्र घरीं आहे. पेटी उपसून तें काढलें. चित्र सुरेख होतें. उतारावर दाट झाडी, वर कडा, खालीं नाचणीचीं खाचरें. पाठ उलटून पाहिली, ती कोरी. साल कोणतें? १९९८ कीं २००१? डोंगर कोणता? ब्रह्मगिरीचीच एखादी सोंड, कीं रस्त्याच्या पलीकडची दुसरीच टेकडी? आम्हीं तें चित्र बरोबर घेऊन त्या भागांत दोन रविवार पायपीट केली. एका ठिकाणीं कड्याची रेघ जुळल्यासारखी वाटली, परंतु खालचें कांहींच जुळेना. आणि न जुळण्याचें कारण खोदाई हें, कीं आम्ही चुकीच्या जागीं उभे होतों हें, आम्हांस आजही सांगतां येत नाहीं. चित्र घेण्यास आम्हांस एक क्षण लागला असेल. त्याच्या पाठीवर चार शब्द लिहिण्यास दुसरा क्षण लागला असता.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही असें सांगतों कीं, दूरच्या जागेचें चित्र घेतलें कीं तेथेंच वहींत लिहावें: गांव, डोंगराचें तेथील लोक घेतात तें नांव, तारीख, वेळ, आपण कोठें उभे होतों आणि तोंड कोणत्या दिशेस होतें. उभें राहण्याची जागा अशी निवडावी कीं ती दुसऱ्यास सांपडेल. देवळाची पायरी, पुलाचा कठडा, पाण्याचें टांकें, खिंडींतला शेंदूर लावलेला दगड. "मोठ्या आंब्याखालून" असें लिहूं नये. आंबा तोडला जातो.

यावर चुणचुणीत मुलें म्हणतात कीं मोबाईल वेळ आणि स्थळ आपोआप लिहून ठेवतो. खरें आहे, स्थळाची नोंद ठेवण्यास परवानगी दिलेली असेल तर तो चित्राच्या पोटांत ती ठेवतो. परंतु व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें तेंच चित्र मित्रास पाठविलें कीं ती नोंद गळून पडते, आणि चित्रही बारीक होऊन जातें. आमच्या तीनशें चित्रांपैकीं बहुतेक अशींच आलेलीं होतीं, त्यामुळें कोणतें कोठलें हें ठरवितांना दोन मुलांचें भांडण लागलें. तसेंच आकाश निळें व गवत हिरवेंगार करून देण्याची मोबाईलला मोठी हौस. घरीं भिंतीवर लावण्यास तें शोभेल. नोंदीसाठीं जसें आलें तसें मूळ चित्र राखून ठेवावें.

आणि तें दोन ठिकाणीं राखावें. यास आपल्या महाराष्ट्रांतलाच दाखला आहे. मेजर रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास कंपनी सरकारनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यास नेमलें. रानांत, एकान्तांत राहून त्यानें वर्षानुवर्षें त्या नकला रंगविल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ सालीं तेथें आग लागून त्यांतील बहुतेक जळून गेल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन १८७२ पासून तेंच काम पुन्हा आरंभिलें, आणि त्यांच्याही अनेक नकला १८८५ सालीं लंडनमध्यें आगींतच गेल्या. गिलनें मात्र मधल्या काळांत कॅमेरा हातीं धरला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं लेण्यांचीं त्याचीं ७४ छायाचित्रें १८६४ सालीं पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. त्यांत भिंतीवरचे रंग नाहींत. परंतु पुस्तक अनेक घरीं गेलें, आणि म्हणून तीं चित्रें आजही पाहावयास मिळतात.

चित्र घेतांना जागेचें नुकसान होऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यांत फुलणारें एक इवलेंसें कंदीलपुष्प आहे. शास्त्रज्ञांनीं त्यास डोंगराचेंच नांव दिलें, सेरोपेजिया अंजनेरिका. फार थोड्या जागीं तें उगवतें. त्याचें जवळून चित्र घ्यावें म्हणून आलेला मनुष्य गुडघे टेकतो तेव्हां गुडघ्याखालीं काय आहे हें त्यास दिसत नाहीं. वाटेवरूनच जें दिसेल तें घ्यावें. हरिहरच्या जिन्यावर तर उभें राहून स्वतःचें चित्र घेण्यास आम्हीं साफ मनाई केली होती. चढणारे व उतरणारे यांस तीच एक अरुंद वाट आहे, आणि एकाचा तोल गेला तर तो एकटाच जात नाहीं. त्या दिवशीं कांहीं मुलें रुसलीं. रुसूं द्यावीं.

शेवटीं माणसांविषयीं. रानांतला मुलूख निर्मनुष्य असतो हा शहरी लोकांचा भ्रम आहे. डोंगराच्या पायथ्याशीं महादेव कोळी, ठाकर, वारली यांचे पाडे आहेत, आणि ज्यास आपण देखावा म्हणतों तें त्यांचें घर, शेत व गुरांचें कुरण असतें. फाळक्यांच्या वेळीं कॅमेरा शरीरांतली शक्ति ओढून घेतो अशी लोकांस भीति वाटे. "राजा हरिश्चंद्र"च्या चित्रणासाठीं वांगणी गांवीं गेलेल्या त्यांच्या मंडळीस हत्यारें पाहून गांवकऱ्यांनीं दरोडेखोर समजून अडविलें, असें सांगतात. आज ती भीति राहिली नाहीं. परंतु तोंडापुढें कॅमेरा धरणारा पाहुणा कोण, आणि चित्र नेऊन तो काय करणार, हें विचारण्याचा त्यांचा हक्क गेलेला नाहीं. आधीं बसावें, पाणी मागावें, नांवगांव सांगावें, मग विचारावें. "नको" म्हणाले तर कॅमेरा पिशवींत घालावा.

एकदां एका पाड्यावर दारांत भात कांडीत बसलेल्या आजीबाईंचें चित्र आम्हीं त्यांच्या परवानगीनें घेतलें. मागें घर, घरामागें कडा, सकाळचें ऊन. त्यांनीं एकच अट घातली, "बाबा, मला एक कागदावरचा दे, माझा फोटो कधीं निघाला नाहीं." आम्हीं हो म्हटलें. परीक्षा आली, मग पावसाळा, मग दुसरें वर्ष. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळींत चित्र छापून घेऊन गेलों तेव्हां घराचें दार त्यांच्या सुनेनें उघडलें. आजी चैत्रांत गेल्या होत्या. सुनेनें चित्र घेतलें, पदरानें पुसलें, आणि आंत देवाजवळ नेऊन ठेविलें. आम्हांस एका शब्दानें बोलल्या नाहींत, चहा केला. तेव्हांपासून सहलीहून आल्यावर आठ दिवसांत कबूल केलेलीं चित्रें छापून टपालानें गेलीं पाहिजेत असा आम्हीं नियम केला आहे, आणि त्याचा खर्च सहलीच्या वर्गणींतच धरतों.

पालकांस एक विनंती आहे. घरोघरीं जुन्या पेट्यांत त्र्यंबक, अंजनेरी, सप्तशृंगी, चांदवड, रामशेज येथील यात्रांचीं व सहलींचीं छायाचित्रें पडलेलीं असतील. मुलांस बरोबर बसवून तीं एकदां पाहावीं, आणि आठवेल तें नांव, गांव व साल मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, पाठीमागें कडेस लिहावें. शाईचें पेन वापरूं नये, शाई पुढें फुटते. ज्यांत डोंगर ओळखूं येतो अशीं चित्रें शाळेंत पाठवावींत. आम्ही त्यांची प्रत करून तीं त्याच दिवशीं परत देऊं, आणि येत्या हिवाळ्यांत ज्या ज्या जागेचा पत्ता लागेल तेथें मुलांस नेऊन, त्याच ठिकाणीं उभें करून, नवें चित्र घेऊं. आमचें तें कोरें छायाचित्रही वाचनालयाच्या फळ्यावर लावून ठेवलें आहे. शाळेंत नातवंडांस पोंचवावयास येणाऱ्या आजोबा-आजींपैकीं कोणास तो उतार ओळखतां आला, तर कृपा करून शेजारच्या वहींत लिहावें.